तिलक पटलेची पेटी

…अन् वरतून सारे म्हणतेत काय, तं पेटी घे. जसं काही बाजारातून वांगे आणाचे हायत, टाकले थैलीत अन् आले घरी. अरे बाप्पा, ज्यानं घेतली त्याले पुसा ना. कामठ्याच्या तिलक पटलेले पुसा. तुम्हाले सांगतो, पिकअपच्या मांगच्या डाल्यात बसवाची, मजबूत कुलपाची पेटी घेणं काही सोपं काम नसते. त्यात माणसाची झोप जाते, भूक जाते, अन् तिलकचा तं जोडीदार गेला होता.

आता तिलक काय करते, तं पाण्याच्या जळालेल्या मोटारी बोरवेलच्या बोरातून वर काढते. बोरावर तीन पायाची लोखंडी घोडी उभी कराची, तिले चेन पुली टांगाची, अन् साखळी वढत बसाची… खर्र खर्र, खर्र खर्र… पाईपासकट मोटार वर. पुली हाय तं मिस्त्री हाय, पुली नाही तं तो निस्ता पिकअप घेऊन फिरणारा माणूस. अन् हे सारं सामान, पुली, मोठे पाने, क्लॅम्प, तांब्याची केबल, हे कोठं राहे? डाल्यात. उघड्यावर. वरतून एक ताडपत्री, तिले चार ठिकाणी छेद. बारा वर्षं असंच चाललं, कोणाले काही वाटलं नाही, तिलकले तं नाहीच नाही.

मंग आला तो बिरसी गावचा दिवस. उमराव कापगतेची मोटार जळली. उन्हाळी धान पोटरीवर आलं होतं, म्हणजे कसं, बाईले नववा महिना लागला अन् तुम्ही तिचं पाणी बंद केलं, असं. तिलकचा जोडीदार चैतराम त्या दिवशी साळीच्या लग्नाले गेला होता, म्हणून तिलक एकटाच गेला, वढाले उमरावचे माणसं होतेच. घोडी उभी केली. क्लॅम्प लावला. डाल्यात हात घातला… पुली नाही. ताडपत्री उचलली, पुली नाही. सीटखाली, नाही. गाडीखाली वाकून पाह्यलं. आता गाडीखाली कायले राहीन जी पुली? पण माणूस घाबरला का देवाच्या फोटोमांगंही पाहते. तिकडं बांधावर उमराव उभा. तो म्हणजे कोहळी समाजाचा माणूस, ज्याच्या बापजाद्यांनं तलाव खोदले, पाण्याच्या बाबतीत त्याच्यापाशी मस्करी चालत नाही. तो सावकाश बोलला, "काऊन मिस्त्री, वरात आली अन् नवरदेव घरीच राह्यला का?"

सारे हासले. तिलकही हासला, अन् ते हासणं त्याच्या तोंडावर वाळून गेलं. उमरावनं तेथूनच फोन लावला, गोंदियाचा दुसरा मिस्त्री आला, त्यानं मोटार काढली, अन् तिलक आपली घोडी मोडून डाल्यात टाकून परत. जाता जाता उमराव एवढंच म्हणाला, "माझं धान तुमच्या भरोशावर होतं जी." शिवी देल्ली असती तं बरं झालं असतं. शिवी उतरते. हे उतरलं नाही.

घरी आला. बायको भूमेश्वरी म्हणे, "पेटी घ्या." बाप बिसनलाल खाटेवरून म्हणे, "आमच्या टायमाले बैलगाडीत सारं सामान उघडं राहे, कोणी सुई नेत नव्हता." भूमेश्वरी म्हणे, "मामंजी, तेव्हा न्यासारखं होतं काय?" झालं, म्हातारा रुसला, जेवला नाही. पेटी अजून आलीबी नाही अन् घरात एक उपास घडला.

दुसऱ्या दिवशी तिलक गोंदियात. दुकानदार कसा, तं बोलाले साखर, वजनाले कापूस. "आओ भैया, बैठो, ये देखो, फायबर की पेटी, बारिश में डाल दो, धूप में डाल दो, कुछ नहीं होगा, हाथी खड़ा कर दो." तिलक म्हणे, हत्ती नाही जी, पुली ठेवाची हाय. कुलूप कसं हाय? "लॉक तो एकदम कंपनी का, सिस्टम वाला." चाबी लावून पाह्यली, टक्, उघडलं. छान. आता तिलक पडला मिस्त्री, त्याचा हात चूप बसत नाही. त्यानं तेच चाबी बाजूच्या पेटीले लावली. टक्. तिच्या बाजूच्या पेटीले लावली. टक्. साऱ्या दुकानाच्या पेट्या एकाच चाबीनं टकाटक उघडून राहिल्या. तिलकनं दुकानदाराकडं पाह्यलं, तं दुकानदाराचा चेहरा असा खुलला जसं त्याच्या पोराचा पहिला नंबर आला. "यही तो फायदा है भैया! चाबी गुम गई तो टेंशन नहीं, किसी से भी माँग लो."

आता काय बोलाल? तुम्हाले सांगतो, पेटी घेणं काही सोपं काम नसते.

मंग गेला पत्र्याच्या पेट्यावाल्याकडं. तेथं होत्या लग्नातल्या पेट्या, हिरव्या, लाल, वरतून गुलाबाचं फूल अन् मोराची जोडी. एक ठेवून पाह्यली डाल्यात. बसली मस्त. पण बाजारातून निघेपर्यंत तिघांनं थांबवलं, "कोणाची पोरगी जाऊन राहिली गा? आम्हाले पत्रिका नाही?" तिसऱ्यानं तं बाजूच्या दुकानातून नारळ आणून पेटीवर ठेवला. तेथूनच वापस केली.

शेवटी गेला गावातल्या चंद्रकुमार वेल्डरकडं. चंद्रकुमार म्हणजे हुशार माणूस, पण त्याले एक सवय. तुम्ही एक पुसा, तो तुम्हाले चार पुसते. "आडवी का उभी? आडवी, केबिनले चिपकून लावली तं पाईप कोठं ठेवसान? उभी, बाजूनं लावली तं गाडी एका अंगानं झुकन. झाकण वरतून का बाजूनं? वरतून म्हटलं तं पाणी शिरते, बाजूनं म्हटलं तं त्याच्यावर सामान टेकते. कुलूप बाहेर टांगतं का आत लपवतं? बाहेरच्याले लोखंडी सब्बल मारली का गेलं. अन् बोल्ट खालून कसले तं पाना लावून पेटीसकट नेतीन, सामानासंग पेटीबी फुकट." तिलकले त्या रात्री सपनात चोरच दिसे, अन् चोराच्या हातात चंद्रकुमारचाच पाना.

पण खरी गोष्ट वेगळीच होती जी. कुलूप कसं, हे पाह्याच्या आधी माणूस पाहते कुलूप कोणासाठी. अन् तिलकच्या मनात एक किडा शिरला होता. गाडी रात्री कोठं उभी राहते, पुली कोणत्या कोपऱ्यात राहते, हे कोणाले मालूम? चैतरामले. ज्या दिवशी चैतराम नाही, त्याच दिवशी पुली नाही. आता हा काही विचार झाला का? बारा वर्षांचा सोबती. बोरावर तिलकचा हात साखळीत अटकला तेव्हा सारं वजन खांद्यावर घेऊन उभा राहणारा चैतराम, त्याचा तो खांदा अजूनही पावसाळ्यात दुखते. पण संशय म्हणजे धानातला मावा, एका बांधीत दिसला का समजा सारं वावर गेलं. तिलक त्याच्यासंग चहा पिये, पण कपाकडं पाहून पिये. पुली गेली, हे सारं गाव चैतरामले बोललं, तिलक मात्र एक शबूद बोलला नाही.

अन् एक दिवस चंद्रकुमारच्या दुकानात, चैतराम बाजूले उभा, तिलक जोरानं बोलला, "कुलूप आतून लपवून लाव. भारी लाव. अन् चाबी एकच ठेव, माझ्यापाशी. बाकीच्या चाब्या माझ्यासमोर कापून टाक." चंद्रकुमारनं ग्राइंडर चालू केला, ठिणग्या उडाल्या, चाब्यांचे तुकडे खाली पडले. चैतराम त्या तुकड्यायकडं पाहत राहिला. मंग दुपट्टा खांद्यावर टाकला. "ठेव बाप्पा तुझी चाबी. मी चाललो." अन् गेला. दुसऱ्या दिवशी आला नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. फोन उचले ना. तिलकनं मनाले समजवलं, चोराच्या मनात चांदणं.

असो. पेटी झाली. अशी झाली, अशी झाली का बँकवाल्यानं पाह्यली असती तं लाजला असता. आता तिलक पडला पोवार, अन् पोवाराच्या घरची रीत तुम्हाले मालूमच हाय. भाचा म्हणजे देव. मामा म्हातारा का होईना, भाच्याच्या पाया पडते. घरात नवीन गाडी आली, नवीन पंप आला, का नवी पेटी आली, पहिला हात भाच्याचा. तं तिलकची मोठी बहीण दुलारी अन् तिचा पोरगा लोकेंद्र, तिशीतला, दोघंही गोंदियावरून आले. लोकेंद्रच्या मोटारसायकलीले मांगं एक पोतं बांधलं होतं. आंबे असतीन, असं साऱ्याले वाटलं.

पुजा झाली. हळद-कुंकू, उदबत्ती. तिलकनं ते एकुलती एक चाबी भाच्याच्या हातात ठेवली अन् वाकून पाया पडला. लोकेंद्रनं पेटी उघडली, आत नारळ ठेवला, झाकण लावलं, कुलूप फिरवलं, अन् चाबी… खिशात. साधी, सरळ, शर्टाच्या खिशात. वरतून बटन लावलं.

तिलक हात पुढं करून उभा. हासून राहिला. लोकेंद्रही हासून राहिला. म्हातारा बिसनलाल खाटेवरून खाकरला, "भाच्याच्या हातात ठेवलेलं परत मांगत नसतेत गा." तिलक हळूच म्हणाला, "नाही, ते चाबी होती ना…" तं दुलारीचा चेहरा उतरला. "भाऊ, माझ्या पोराच्या खिशात हात घालतं का तू आता?" तिच्या डोळ्यात पाणी. भूमेश्वरीनं कपाळाले हात लावला. झालं, चाबीचं दान झालं.

पण थांबा, खरं तं आता हाय. लोकेंद्र गेला मोटारसायकलीकडं, पोतं सोडलं, उचलून आणलं अन् मामासमोर धडकन ठेवलं. आतून निघाली चेन पुली.

"मामाजी, छपरीवर पाण्याची टाकी चढवाची होती, म्हणून घेऊन गेलतो. तुम्ही झोपून होते, मंग काय उठवाचं. मंग परत आणाले निघालो तं मनात आलं, मामाजीचं सामान उघड्या डाल्यात राहते, कोणी चोर नेऊन टाकीन. म्हणून घरीच सांभाळून ठेवलो. आता पेटी झाली, आता काही भेव नाही."

तिलकनं पुलीकडं पाह्यलं, मंग भाच्याच्या पायाकडं. आताच तं ज्याच्या पायाची धूळ कपाळाले लावली, त्याले काय म्हणाचं? "बरं केलास," एवढंच म्हणाला. पोवाराचा मामा दुसरं काय म्हणू शकते, तुम्हीच सांगा.

पाहुणे जेवून गेले. तिलक चंद्रकुमारकडं पळाला, कुलूप काप म्हणे. चंद्रकुमारनं ग्राइंडर उचलला, अन् मंग आपल्या सवयीनं पुसलं, "कापतो. पण कुलूप नवीन बसन, म्हणजे चाबी नवीन, म्हणजे पुजा नवीन. पुजेले कोणाले बलावसान?" तिलक तेथंच लोखंडाच्या ढिगावर बसला. पेटी घेणं काही सोपं काम नसते जी, नसते.

मंग तो उठला अन् चैतरामच्या घरी गेला. चैतराम अंगणात चारपाईची दोरी कसत होता. वर पाह्यलं नाही. तिलक उभा राहिला, मंग खाली मातीत बसला. शेवटी चैतरामच बोलला.

"सापडली का पुली?"

"सापडली."

"लोकेंद्रपाशी ना?"

तिलकनं मान वर केली. "तुले कसं मालूम?"

"लग्नाले जाऊन राहिलतो, तेव्हा पहाटेच तुझ्या घरापुढं तो डाल्यातून काढून राहिला होता. जड होती, म्हणून मीच उचलून देल्लो."

"मंग सांगतलास काऊन नाही?"

चैतरामनं दोरी सोडली. "तू पुसलास कोठं? तू तं सरळ चाब्या कापल्यास. अन् भाच्याचं नाव घेतलो असतो, तं तू माझं आयकलं असतं का? खरं सांग."

तिलकनं खरं सांगतलं नाही, कारण खरं दोघायलेही मालूम होतं. त्याचे डोळे भरून आले. "चुकलो गा," म्हणाला. बारा वर्षांत पहिल्यांदा म्हणाला. चैतरामनं दोरी पुन्हा हातात घेतली. मंग म्हणे, "पेटीची चाबी कोणापाशी हाय?" तिलक म्हणाला, "लोकेंद्रपाशी." अन् तो चैतराम जो हासला, जो हासला, का त्याले ठसका लागला, अन् तिलकलेच त्याच्यासाठी गडव्यानं पाणी आणा लागलं.

आता चैतराम कामावर येते. पुली, पाने, केबल, सारं उघड्या डाल्यात, अन् चैतराम पेटीवर बसून त्यावर नजर ठेवते. परवा नाक्यावर पोलिसानं गाडी थांबवली, एवढी मजबूत पेटी पाहून त्याले शंका आली. म्हणे, "इस में क्या है? खोलो." चैतराम वरतूनच सावकाश बोलला, "साहेब, यात मिस्त्रीच्या भाच्याचा मान ठेवला हाय. सामान हे बाहेर हाय, पाहाचं तं पाहून घ्या."