हलव्याचा हार

नातीच्या बोरन्हाणाचं सांगतो, ऐका. सूनबाईनं स्वतः हलवा करून तिच्यासाठी हार ओवला. प्लास्टिक नको, कार्यक्रमानंतर कचरा उरायला नको, हा तिचा हट्ट. फोटो पुण्याला स्वतःच्या आईकडे पाठवायचा होता.

"बाबा, फोटो होईपर्यंत हिला धरून बसा," म्हणाली.

फोटोवाला मलकपेठेत ट्रॅफिकमध्ये अडकलेला. मांडीवर पोर चुळबुळ करते, मलाही बसवत नाही. दाराकडे बघतो, घड्याळाकडे बघतो, पुन्हा दाराकडे.

शेवटी तो आला आणि म्हणाला, "चच्चा, हार किधर है?"

बघतो तर नातीच्या गळ्यात नुसता दोरा, ओठ साखरेनं पांढरे.

सूनबाई ओरडली, "बाबा, लक्ष कुठं होतं तुमचं?"

मी म्हणालो, "कचरा नको होता ना तुला? दोराच उरलाय."