बॅनर राहू दे

हर्षित : सात दहा. पल्सार गप्प झाला.

कुणाली : आत्ताच? माझ्या गणितापेक्षा बारा मिनिटं आधी?

हर्षित : हो. ठोके येत होते, येत होते, आणि बंद. स्क्रीन कोरी आहे. तू इथं असायला हवी होतीस.

कुणाली : एसटीच उशिरा आली. टोकावड्याला उतरलेय, आत्याच्या ढाब्यावर. गाडी चहाला थांबलीय.

(सकाळ. टोकावडे नाका. कुणालीचा फोन बाकड्यावर, स्पीकर चालू. हर्षित माळशेज घाटापलीकडे, रेडिओ दुर्बिणीच्या नियंत्रण कक्षात.)

भागीरथी : कोण गप्प झाला गो?

कुणाली : आत्या, थांब जरा.

भागीरथी : थांबते. वडे तेलात हायत, मी कुठं जाणार?

हर्षित : सिग्नल गेला की आधी डिश तपासायच्या, नियम आहे. ओळखीच्या ताऱ्याकडे फिरवतो. तो नीट दिसला तर डिश ठीक.

कुणाली : नको! फिरवू नकोस.

हर्षित : अगं, डिश बिघडल्या असतील तर नुसतं कोरं रेकॉर्ड करत बसू.

कुणाली : आणि फिरवल्या, नि तेवढ्यात तो बाहेर आला तर? बाहेर येतानाचेच ठोके हवेत आपल्याला. सर काय म्हणाले, आठवतंय ना?

हर्षित : एकदा गप्प होऊन परत न आलेला तारा म्हणजे कुणाचं तरी वेल्डिंग मशीन.

कुणाली : आज परत बाहेर आला नाही, तर पेपर मागे घ्यायचा. दोन वर्षं गेलीत माझी त्यात.

भागीरथी : मागे? मग त्या बॅनरचं काय?

कुणाली : कुठला बॅनर?

भागीरथी : त्याच्याच खाली उतरलीस की! आमच्या भावेशनं लावलाय. "तारा शोधणारी धसईची कन्या, टोकावड्याची भाची." वर सगळी पुढाऱ्यांची तोंडं, खाली कोपऱ्यात तू. दहावीचा फोटो.

कुणाली : देवा! मी त्याला सांगितलेलं, अजून पक्कं नाय म्हणून.

भागीरथी : पोरगा माझाच, पण मुलगी बघायला गेला तरी आधी मांडववाल्याला सांगून येईल.

हर्षित : मला फोटो पाठव त्याचा.

कुणाली : हर्षित, गप.

भागीरथी : कंडक्टर घंटी मारतोय. जायचं नाय तुला?

कुणाली : घाटात रेंज नाय. बसले तर याला काय सांगणार?

भागीरथी : ओ जयराम! थांब रे जरा, भाचीचा चहा हाय अजून!

कुणाली : हर्षित, गप्प व्हायच्या आधीचे ठोके काढ. वेळेवर येत होते का बघ.

हर्षित : बघतो. धर.

भागीरथी : केवढा गो हा तारा, एवढं झुरायला?

कुणाली : इथून मुरबाड जेवढं लांब, तेवढाच. वजन सूर्याहून जास्त. मेलेल्या ताऱ्याचा गाभा तो. भोवऱ्यासारखा फिरतो, फेरीगणिक एक ठोका.

भागीरथी : मग गप्प का झाला?

कुणाली : त्याला जोडीदार आहे, अगदी खेटून. पाच तासांत दोघांची फेरी पुरी. हा त्याला भाजतो, त्याच्या अंगावरचा वायू उडवतो. तो नि त्याचा वायू मधे आला, की आपल्याला ठोके मिळत नाहीत.

भागीरथी : म्हणजे मेलेला जित्याला खातो, अन् जिता त्याचं तोंड बंद करतो. बरी जोडी हाय.

हर्षित : कुणाली, शेवटचे ठोके उशिरा आलेत.

कुणाली : सगळे सारखे?

हर्षित : नाही. शेवटी शेवटी जास्त. खालच्या फ्रिक्वेन्सीला आणखी जास्त.

कुणाली : मग डिश ठीक आहेत. बिघडलेली डिश एकदम बंद पडते, ठोक्यांना उशीर करत नाही. वायू करतो. माझ्या गणितापेक्षा लांब पसरलाय, एवढंच. डिश हलवू नकोस.

हर्षित : आणि नाहीच आला तर? नियम कुणी मोडला, तर हर्षितनं.

कुणाली : नोंदवहीत माझं नाव लिही. मी सांगितलं म्हणून लिही.

हर्षित : लिहितो. डिश आहेत तिथंच.

भागीरथी : जयराम गेला गो. तरी पिशवी उतरवून घेतली मी तुझी.

कुणाली : जाऊ दे.

भागीरथी : वडा खा. अन् नाय आला तारा, तर तो बॅनर उतरवते. मागनं कोरा हाय, वड्याचे रेट लिहू त्याच्यावर.

कुणाली : आत्या!

भागीरथी : फुकट कशाला घालवायचा? चांगला जाड हाय.

हर्षित : काहीतरी दिसतंय.

कुणाली : काय?

हर्षित : रेघ. पुसट आहे. थांब. थांब... ठोके! कुणाली, ठोके आहेत!

कुणाली : उशिरा?

हर्षित : उशिरा. पण उशीर कमी होत चाललाय. फिरण्याचा वेग पहिल्या वेळचाच. तोच आहे.

भागीरथी : आला? अगो, मग रडतेस कशाला?

कुणाली : मिरची लागली.

भागीरथी : वडा अजून मोडला पण नायस.

हर्षित : सरांना आलेख पाठवला. उत्तर आलं.

कुणाली : काय म्हणतात?

हर्षित : "ठीक."

कुणाली : एवढंच?

हर्षित : मागच्या चार वर्षांत मला एकदाही आलेलं नाही.

भागीरथी : मग बॅनर राहू दे?

कुणाली : राहू दे. फोटो तेवढा बदलायला सांग भावेशला.

भागीरथी : तो आता दुप्पट मोठा करून आणील. पुढची गाडी येईपर्यंत बस निवांत. सकाळपासून पहिल्यांदा हसलीस.

हर्षित : कुणाली, आहेस ना?

कुणाली : आहे, बोल.

हर्षित : ठोके परत उशिरा यायला लागलेत. जोडीदार तर केव्हाच बाजूला झालाय. तुझ्या गणितात इथं काही आहे?

कुणाली : नाही. इथं काहीच नसायला हवं. म्हणजे मधे आणखी काहीतरी येतंय.

भागीरथी : मग आता काय?

कुणाली : काय नाय. आज आलाय ना, आता पळून कुठं जातो? अजून एक चहा दे. हर्षित, डिश हलवू नकोस.

हर्षित : नाही हलवत. सात अठ्ठावन्न. परत गप्प झाला.