दोननळीची रीतसर विक्री

जबाब देणार : मयत गोदाम-रखवालदाराची पत्नी, वय ४७ वर्षे, धंदा गाद्या-खुर्च्यांची शिवण, राहणार गिरणीमागची गल्ली, वरचा मजला.

मी समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी मुलीसह राहते. मुलगी वीस वर्षांची असून छापखान्यात कामाला आहे. माझ्या पतींच्या नावावर परवान्याची एक दोननळी बंदूक होती. सात महिन्यांपूर्वी ते वारले. ती बंदूक मी चोरून विकली, अशी तक्रार माझ्या धाकट्या दिराने दिली आहे, त्याबाबत मला बोलावण्यात आले. त्याला मी पूर्वी भाऊजी म्हणत असे. आता म्हणत नाही.

पती गेल्यावर तिसऱ्या दिवशी दीर घरी आला. माणसे बसलेली असतानाच म्हणाला, "वहिनी, दादाची बंदूक मी नेतो. तुम्हा बायकांना ती काय करायचीय?" मी म्हणाले, "बसा, चहा टाकते." चहा टाकला. आत जाऊन बंदूक उघडली, दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत हे उजेडाकडे धरून पाहिले, काडतुसे वेगळ्या डब्यात घेतली आणि मागच्या जिन्याने उतरून बंदुकांच्या दुकानदाराकडे सगळे जमा करून पावती घेतली. येताना ठाण्यातही लेखी कळवले. घरी आले तेव्हा चहा उतू गेला होता आणि दीर कपाटाखाली वाकून बघत होता.

गिऱ्हाईक दुकानदारानेच पाहिले. रानडुकरांनी हैराण झालेला एक बागवाला आहे. तो म्हणाला, "ताई, आज घेऊन जातो, कागद मागाहून होतील." मी म्हणाले, "कागद आधी. बंदूक काही नासत नाही." दुकानदाराने त्याचा परवाना चालू असल्याची खात्री केली, बंदुकीवरचा नंबर आमच्या परवान्याशी भिंगाने ताडून पाहिला. मग दोन्ही बाजूंची माहिती देऊन मी परवाना कचेरीत अर्ज केला. परवानगी येईपर्यंत बंदूक दुकानाच्या कपाटात कुलपात होती.

कचेरीतले कारकून म्हणाले, वारस तुम्ही दोघीच, दिराची संमती लागत नाही. मी म्हणाले, तरी त्याला नोटीस पाठवा. ते म्हणाले, "बाई, उगाच फाटे कशाला फोडता?" मी म्हणाले, पाठवा. कायद्याला गरज नव्हती, मला होती. दिराला मी बावीस वर्षे ओळखते. कुणी नाही म्हटले की त्याचे डोके फिरते आणि मग तोंडाला येईल ते बोलतो. या वेळी त्याने ते लिहून द्यावे, अशी माझी इच्छा होती.

नोटीस गेल्यापासून नवव्या दिवशी त्याची हरकत आली. दोन पाने, दोन्हींवर सही. त्यात लिहिले आहे : "बंदूक दादाच्या फक्त नावावर होती, वापर माझाच. पुतणीच्या कानाशी बार उडाला तेव्हासुद्धा ती माझ्याच हातात होती, वहिनींना विचारा." कारकुनांनी ते वाचून चष्मा काढला आणि माझ्याकडे पाहिले. हरकत फेटाळली गेली. परवानगी आली. दुकानदारासमोर बंदूक बागवाल्याला दिली, त्याच्या परवान्यावर नोंद झाली. सर्व कागद जोडले आहेत. हरकतीची शिक्क्याची नक्कलही जोडली आहे.

तो मजकूर खरा आहे का, असे मला विचारण्यात आले. खरा आहे. आठ वर्षांपूर्वी एका सकाळी दिराने न विचारता बंदूक खाली काढली आणि खोलीत मिरवू लागला. मुलगी पाठमोरी खाली बसून अभ्यास करत होती. बार उडाला. छर्रे भिंतीत गेले, पण तिचा डावा कान गेला तो गेलाच. दिराकडे परवाना नव्हता आणि नुकतीच नोकरी लागली होती. त्याने पतींचे पाय धरले. पतींनी याच ठाण्यात, बंदूक साफ करताना स्वतःच्याच हातून उडाली, असा जबाब दिला. त्याखाली साक्षीदार म्हणून माझी सही आहे. तो जबाब खोटा आहे हे माहीत असून मी ती केली. त्याबद्दल माझ्यावर जी कारवाई व्हायची ती व्हावी.

त्यानंतर दीर चारचौघांत "दादाचा निष्काळजीपणा" असे म्हणत असे. पती खाली मान घालून ऐकत. मी बोलायला गेले तर म्हणत, "मी त्याला शब्द दिलाय." मुलीलाही आम्ही बापाच्याच हातून उडाली असे सांगितले होते; ती त्या दिवसापासून बापाशी कामापुरतेच बोलली. ते वारले त्या दिवशी सकाळीही ती त्यांना एवढेच म्हणाली की, डबा भरून ठेवलाय.

मी हे सूडापोटी सांगते काय, असे साहेबांनी विचारले. मी म्हणाले, हो, तसेच लिहा. त्याची नोकरी जावी. चारचौघांत मान खाली घालायची पाळी त्याच्यावर यावी. मला त्याची कीव येणार नाही.

वरील जबाब हवालदारांनी मला वाचून दाखवला. मुलगी बाहेर बाकावर बसली होती. माझ्या विनंतीवरून तिला आत बोलावून, हवालदार तिच्या उजव्या बाजूला बसले व त्यांनी तो पहिल्यापासून पुन्हा वाचला. माझ्या सांगण्याप्रमाणे तो बरोबर आहे. बंदूक कुणाच्या हातात होती तेवढा भाग मुलीने आणखी एकदा वाचायला सांगितला. तोही बरोबर आहे.