हात हौसाचे, कार्ड रंगनाथचं

बसा मंडळी, जरा सरकून बसा! मागच्या माऊलींना जागा होऊ द्या. पूर्वरंगात आपण काय म्हणालो? देव कष्ट करणाऱ्याच्या घरी पाणी भरतो. तुम्ही माना डोलावल्यात. फार छान डोलावल्यात! मग आता एका प्रश्नाचं उत्तर द्या. एकीनं आयुष्यभर राबायचं आणि तिच्या म्हातारपणाची भाकरी दुसऱ्याच्या ताटात पडायची — ह्याला काय म्हणायचं? चोरी? अहो, चोर निदान लपूनछपून येतो! इथं तर दिवसाढवळ्या, चार पाहुण्यांच्या साक्षीनं, हळदीकुंकू लावून सगळं चालतं!

ऐका तर. नाशिककडचं एक गाव. नाव सांगत नाही, तुमच्यातलाच कुणी तिकडचा जावई निघायचा! बिड्यांचं गाव. घरोघरी बाया ओसरीवर मांडीवर सूप घेऊन बसलेल्या. पान भिजवायचं, कात्रीनं कापायचं, तंबाखू घालायचा, वळायचं, टोक मुडपायचं, दोरा बांधायचा. एक झाली! अशा दिवसाला हजार! तुम्ही-आम्ही हजार वेळा नाम घ्यायला बसलो तर शंभरावर जांभई येते, महाराज!

ह्या गावात हौसा लग्न होऊन आली. वय वर्षं सतरा. हळद उतरली नाही तोच सासूनं, गयाबाईनं, सूप पुढं सरकवलं. हौसाचा हात असा चालायचा की गयाबाई बघतच राहिली. बिडी एकसारखी, दोरा घट्ट!

आता कारखान्याची रीत ऐका. बिडी घरी वळायची, पण कारखान्यात कामगाराचं कार्ड असतं. रोजच्या बिड्या कार्डावर चढतात. मजुरीतलं थोडं कापून फंडात जातं, थोडं मालक टाकतो. अठ्ठावन्नावं सरलं की फंड हातात, वर महिन्याला पेन्शन. देवानं नाही, कायद्यानं केलेली सोय! पण मिळणार कुणाला? कार्डावर ज्याचं नाव, त्याला!

हौसा म्हणाली, “आत्याबाई, माझंबी कार्ड काढायचं ना?”

गयाबाई म्हणाली, “घरात एक कार्ड हाय की! तू नवी. उद्या रुसून माहेरी गेलीस, तर फंड तुझ्याबरोबर जायचा!”

बघा! सून नांदेल की नाही ह्याचा भरवसा नाही, पण तिचे अंगठे मात्र पहिल्या दिवसापासून भरवशाचे! सात वर्षं हौसानं वळलं, गयाबाईच्या कार्डावर चढलं. गयाबाईची अठ्ठावन्न झाली, फंड आला, नणंदेच्या लग्नात गेला. हौसाला काय मिळालं? मानपानाची साडी! तीही नणंदेला नको होती म्हणून.

नवं कार्ड काढायची वेळ आली. हौसाला वाटलं, आता आपलं नाव! चोवीस वर्षांची पोर, दोन लेकरांची आई, तोंड धुऊन, केसाला तेल लावून बसली. नवरा, रंगनाथ, कार्ड घेऊन आला. नाव कुणाचं? रंगनाथचं!

“बाईमाणसानं ऑफिसात हेलपाटे कशाला घालायचे?” म्हणे!

अरे वा रे वा! रोज दुपारी डोक्यावर टोपली घेऊन दोन मैल कारखान्यात कोण जायचं? हौसा! तपासनीस मूठमूठ बिड्या ‘छाट’, म्हणजे खराब, म्हणून फेकायचा, त्याच्याशी कोण भांडायचं? हौसा! आणि सहीपुरता हेलपाटा जड झाला! रंगनाथ काय करायचा, विचाराल? पारावर बसून देशाची चिंता करायचा. वाईट माणूस नव्हता हो! दारू नाही, मारहाण नाही. असल्या सज्जनांचीच मला जास्त भीती वाटते, कारण त्यांना आपण काही घेतलंय हेच कळत नाही!

चोवीस वर्षं गेली. हौसा अठ्ठेचाळीसची झाली. अंगठे सुजून लाकूड झाले, तंबाखूनं खोकला जडला, नजर अधू झाली. आणि रंगनाथची अठ्ठावन्न भरली! कारखान्यानं सत्कार ठेवला. कशाबद्दल? चोवीस वर्षांच्या अखंड सेवेबद्दल! हसता काय मंडळी? शाल, श्रीफळ, सगळं झालं! समोर दोनशे बिडीकामगार बाया बसलेल्या. हौसा कुठं? मागं, चिवड्याच्या बशा भरत होती.

शहरातून नवे साहेब आले होते. ते उत्साहानं म्हणाले, “रंगनाथराव, फोटोसाठी एक बिडी वळून दाखवा!”

सूप पुढं आलं. रंगनाथनं पान उचललं. कसं उचललं? पोथी उलटी धरावी तसं! तंबाखू धोतरावर. पान फाटलं. दुसरं घेतलं, तेही फाटलं. एक बाई फिसकन हसली, मग सगळ्या. रंगनाथला घाम फुटला. हौसाला ते बघवेना. बशी ठेवून पुढं आली, त्याच्या हातातलं पान घेतलं आणि, मंडळी, सुपाकडे न बघता बिडी वळली! नवऱ्याच्या हातात ठेवली.

टाळ्या झाल्या. आणि फोटोवाला काय म्हणाला माहितीय?

“मावशी, जरा बाजूला व्हा. फोटोत येताय!”

मला सांगा, ह्या एका वाक्यापुढं मी आणखी काय निरूपण करू?

पुढल्या महिन्यात पहिली पेन्शन आली. हौसा म्हणाली, “मला चष्मा करा. दोरा दिसत न्हाई.” रंगनाथ म्हणाला, “बघू पुढल्या महिन्यात.”

आता घरात पुन्हा कार्ड काढायचं होतं. सून आली होती ना! लेकाची, भरतची, बायको वैजयंता. वय एकवीस, हात चपळ. भरत म्हणाला, “आई, आता कार्ड तुझ्या नावावर काढू. दहा वर्षं भरली की तुला पेन्शन बसंल. तुझ्यानं होत न्हाई तर वैजू वळंल की!”

रंगनाथ हसून म्हणाला, “घे! जन्मभर तक्रार होती ना तुझी?”

मंडळी, इथं नीट ऐका! एकतीस वर्षं जे मागितलं, ते घरबसल्या समोर आलं. दहा वर्षं, आणि मग कुणाच्या तोंडाकडे बघायला नको. तिला हवं होतं हो! खोटं कशाला बोलू, फार हवं होतं! तेवढ्यात तिची नजर वैजूकडे गेली. वैजू खाली मान घालून बसली होती. दोरा बांधता बांधता तिचा हात तेवढा थांबला होता.

दुसऱ्या दिवशी हौसा वैजूला घेऊन कारखान्यात गेली. कारकुनानं कागद काढला. “नाव सांगा मावशी.”

“वैजयंता भरत डावखर.”

कारकून ओळखीचा होता. पेन ठेवून म्हणाला, “मावशी, तुमचं लावा ना! सगळे असंच करतात. तुमच्या म्हातारपणाचं काय मग?”

हौसा म्हणाली, “माझी सासू मेली, दादा. मला तिच्या जागी बसायचं न्हाई.”

थांबा! टाळ्या वाजवू नका! बाईनं त्याग केला की टाळ्या वाजवायची आपल्याला फार घाण सवय आहे! टाळ्यांनी चष्मा येतो का? खोकल्याचं औषध येतं? त्या बाईच्या पदरात काय पडलं ते आधी बघा!

घरी आल्यावर रंगनाथ कडाडला, “डोकं ठिकाणावर हाय का? म्हातारपणी काय खाशील?”

हौसा म्हणाली, “हे तुम्ही मला इचारता? चोवीस वर्षं मी वळलेलं तुमच्या खात्यात हाय. दर महिन्याला अर्धं माझ्या हातावर ठेवायचं. न्हाईतर उद्या कारखान्याच्या दारात दोन सुपं मांडते. एकापुढं तुम्ही बसा, एकापुढं मी. दोनशे बाया बघू द्या. जो वळंल त्याची पेन्शन!”

दिली का रंगनाथनं अर्धी? दिली! न देऊन सांगतो कुणाला! पण कशी देतो, ऐका. पहिल्या तारखेला तिनं मागावी लागते. तो खिशातून नोटा काढतो, थुंकी लावून मोजतो आणि म्हणतो, “जपून खर्च कर.” स्वतःच्या अंगठ्यांची कमाई, आणि हात पसरून घ्यायची! आजही घेते. वैजूचं कार्ड मात्र वैजूच्या उशाखाली असतं.

संपलं आख्यान. आता हौसाला सोडा, तुमच्याकडे येतो! बिड्या नसतील तुमच्या घरी. शिवण असेल, खानावळ असेल, पापड असतील, शिकवण्या असतील. नसेल काही, तर तीस वर्षं रांधलेलं तरी असेलच! हात वर करा पाहू, ज्यांच्या घरातल्या बाईच्या म्हातारपणाची सोय तिच्या स्वतःच्या नावावर आहे! “सगळं तिचंच आहे हो” म्हणणाऱ्यांनी हात खाली ठेवा. तिचंच आहे, तर नाव का नाही?

एक... दोन... ते मागचे गुरुजी, तीन. एवढ्या मोठ्या मंडपात तीन!

आणि माझ्याकडे काय बघता? माझा हात वर आहे का? अठ्ठावीस वर्षं मी गावोगाव कीर्तनं करतो. तिकडे माझी बायको माझ्या म्हाताऱ्या आईवडिलांचं करते, चार लेकरं तिनं एकटीनं वाढवली. तुम्ही दिलेली बिदागी माझ्या खात्यात जाते. तिचं खातंसुद्धा नाही! परवा मी तिला विचारलं, “मी उद्या गेलो तर तू काय करशील?” ती म्हणाली, “असं अभद्र बोलू नका,” आणि पोळ्या लाटायला गेली.

म्हणून आजची बिदागी मला देऊ नका. पाकिटावर तिचं नाव घाला: सुलोचना. आणि घरी जाऊन तुमच्याही पाकिटावर कुणाचं नाव आहे ते बघा. मग उद्या या, मग नाम घेऊ. आज माझ्या तोंडून देवाचं नाव निघत नाही.