सरदारचं रक्त

नाही पण मला एक सांगा, रक्त बदलायचं म्हणजे काय सदरा बदलायचाय? सकाळी उठलो, हा काढला, तो घातला? पण डॉक्टरबाई म्हणतात, रक्त बदला! माझं नाही हो... माझं चालतंय अजून! मेंढ्यांचं! साक्रीजवळ माझा साठ मेंढ्यांचा कळप, आणि त्या साठ जणींचा नवरा एकच, सरदार. काय देखणा मेंढा म्हणून सांगू! डाव्या डोळ्याभोवती काळं कडं, आणि चालतो असा, जशी काही आपणच त्याच्या घरी पाहुणे आलोय! जन्मला नि त्याची आई गेली, तर माझ्या मायने, भिकुबाईने, त्याला बाटलीने दूध पाजून वाढवला. मला पाजलं नसेल एवढं! आजही हाक मारताना आधी तीनदा 'सरदार' म्हणते, मग आठवलं तर 'ए पंडित'.

तर यंदा कोकरं झाली चाळीस आणि गेली अकरा. अकरा! तुम्हाला सांगतो, मी कसर ठेवली नव्हती. पावसाळ्याआधी लस टोचली, जंताचं औषध पाजलं, खुरं धुतली, गाभण मेंढ्यांना मका भरडून घातला... मला घरात कोणी काही भरडून घालत नाही! तरी कोकरू जन्मायचं ते मांजराएवढं, उभं राहायला जायचं नि बसायचं. आमची बायको कोकिळा त्याला पदरात घेऊन चुलीजवळ बसायची आणि थोड्या वेळाने नुसता पदर झटकून उठायची. फार वाईट वाटायचं हो, खोटं कशाला सांगू. असंच चाललं तर तीन वर्षांत कळप संपला, आणि मेंढ्या वळण्याशिवाय मला दुसरं येतं काय?

म्हणून सारिका डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी कळप पाहिला, सरदार पाहिला, मला विचारलं, "पंडितभाऊ, हा मेंढा किती वर्षं वापरताय?" मी छाती फुगवून म्हटलं, सहा! तर कपाळावर हात मारून म्हणतात, "अहो, म्हणजे हा आता स्वतःच्या लेकींशी आणि नातींशी संसार करतोय! कोकरं दुबळी होणार नाहीत तर काय? दर दोन वर्षांनी मेंढा बदलायचा असतो. रक्त बदला!"

माय उसळली. "काय वाईट शे मना सरदारमा?" म्हटलं, माय, वाईट काही नाही, फक्त नातेवाईक जास्त झालेत. शेवटी ठरलं, नवा मेंढा येईपर्यंत सरदारच्या पोटाखाली गोणपाट बांधायचं. म्हणजे गडी कळपात चरेल, फिरेल, पण बाकी उद्योग बंद! मी स्वतः बांधलं, गाठी मारल्या आणि मायला बजावलं, हे सोडायचं नाही. म्हणे, "मी कसाले सोडसू?"

निघालो. एरंडोलला माझा शालक, ज्ञानेश्वर. गोठ्यात नेऊन म्हणतो, "भाऊजी, हाऊ दखा मेंढा!" मी पाहिलं... डाव्या डोळ्याभोवती काळं कडं! "वळखा ना? तुमना सरदारना पोऱ्या शे! मन्हा लगीनमा तुम्हीच दिधा व्हता!" आता आमच्या घरची रीत अशी, पाहुण्याने मेंढा मागितला तर नाही म्हणायचं नाही. मीच दिलेला. असे किती जणांना दिले? अहो, मोठेपणा करताना कोण मोजतं!

तिथून भुसावळ. खाजाभाऊ म्हणजे मेंढ्यांचा नावाजलेला व्यापारी. त्याने एक तगडा गडी पुढे ओढला आणि अशी काही पाठ थोपटली त्याची! "पंडितभाऊ, खानदानी माल है! बिलकुल आँख बंद करके ले जाओ!" मी म्हटलं, आधी त्याचे डोळे बघू दे. कडं! खाजाभाऊ हसतोय, "इसके दादा को तो आप पहचानतेच!" पहचानतेच? अरे माझ्या घरी बांधलाय तो! जामनेरला गेलो, कडं. चाळीसगावला गेलो, मेंढा पाठमोरा होता, मनात देवाचं नाव घेतलं, तो वळला... कडं! रक्त बदला म्हणे! निम्म्या खानदेशात एकच रक्त पसरलेलं, आणि ते वाटत फिरलेला शहाणा कोण? मीच!

घरी यायचो, सरदारचं गोणपाट तपासायचो, गाठी जागच्या जागी. पुन्हा निघायचो. असा दीड-दोन महिने फिरलो. शेवटी थेट सोलापूरकडून एक तांबड्या तोंडाचा मेंढा आणला. दोन्ही डोळे स्वच्छ! टेम्पोत त्याने माझा टॉवेल खाल्ला, मी म्हटलं खा बाबा, तू आमचा कोणी लागत नाहीस, हेच खूप आहे! कळपात सोडला, गावात पेढे वाटले. आठ दिवसांनी डॉक्टरबाई दुसऱ्या कामाला आल्या होत्या, म्हणाल्या, आलेच आहे तर मशीन फिरवून बघते. एकेका मेंढीच्या पोटावर मशीन... आणि एकदम, "अभिनंदन पंडितभाऊ! साठातल्या अठ्ठावन्न गाभण!"

मी म्हटलं, आठ दिवसांत? शाबास रे सोलापूर!

तर म्हणतात, "आठ दिवस कसले? दीड-दीड महिना झालाय."

मी मायकडे बघितलं. माय आभाळाकडे बघतेय. म्हटलं, माय... गोणपाट? "अरे बापा, त्याले कितलं उकडी ऱ्हायनं व्हतं! तू गावले गया का सोडी देऊ, तू येवाना पहिले बांधी देऊ." गाठीसुद्धा माझ्यासारख्याच मारायची हो! आता पाच महिन्यांचा हिशेब, त्यातला दीड गेला, आणि येणार कोण? पुन्हा काळं कडं, पुन्हा मांजराएवढी कोकरं, पुन्हा कोकिळाचा पदर. नवा मेंढा दावणीला बसून खातोय, आणि माय सरदारचं अंग पुसतेय, दमलाय म्हणून!

डॉक्टरबाई मशीन पुसत म्हणाल्या, "पंडितभाऊ, नुसता मेंढा बदलून तुमच्याकडे भागायचं नाही."

ते मला कळतंय हो! पण मेंढा सोलापूरला तरी मिळाला... माय कुठल्या बाजारात बदलून आणू?