बाबांचा ट्रक आज कुठे

—छे हो बाई, शिकवणी कसली, घरीच शिकली ती. बसा ना. त्या स्टुलावर नको, डुगडुगतं ते — आणि हे फ्रिजपाशी कुणी आणून ठेवलं? काल तर बाल्कनीत होतं. असू दे, तुम्ही खुर्चीवर बसा, ते उशांचे अभ्रे सारा बाजूला. हॉस्पिटलचे आहेत, पाचपर्यंत चाळीस शिवून द्यायचेत, म्हणून मशीन चालूच ठेवते हं, राग मानू नका. कान तुमच्याकडेच आहेत. वर्गशिक्षिका दारात बघून वाटलं — आता आमच्या भिंगरीनं कुणाचं डोकं फोडलं! आणि तुम्ही सांगताय, शनिवारच्या चाचणीत राज्यं आणि राजधान्यांत वर्गात पहिली, एक सोडून सगळ्या बरोबर. मग? एका गुणासाठी कुणी तीन जिने चढतं का, बाई?

कसं शिकवलं म्हणता? फ्रिजवर नकाशा आहे बघा, त्यावर चुंबकाचा लाल ट्रक. मला मान वर करायला फुरसत नाही, तुम्हीच बघा. तिचे बाबा ट्रकवर असतात ना, लांबच्या फेऱ्या, आज इथे तर उद्या तिथे. टायर घेतले तेव्हा दुकानदारानं दिला होता तो चुंबक. तर खेळ असा — दर सोमवारी सकाळी दूध संपवायचं आणि ट्रक पुढच्या राज्यात न्यायचा. पण तिथल्या राजधानीचं नाव सांगितल्याशिवाय ट्रक हलत नाही, हा नियम! नाव चुकलं की टायर पंक्चर, आठवडाभर तिथेच मुक्काम. नुसतं पाठ कर म्हटलं असतं तर ढिम्म हलली नसती, पण बाबांना अडकवून कशी ठेवेल? मग फरशीवर खडूनं राज्यं काढायची, लंगडी घालत सरहद्द ओलांडायची, रेषेवर पाय पडला की जकात — आईला एक पापा. आणि ट्रक पोचला की बाबांची चिठ्ठी! ‘इथे तळ्याभोवती अख्खं शहर वसलंय.’ ‘इथे इतकी थंडी की मिशी गोठली.’ सगळ्या बिस्किटांच्या डब्यात जपून ठेवल्यात तिनं.

चिठ्ठ्या? टपालानं येतात की. टपालानं म्हणजे — आता तुम्ही रोज पन्नास वह्या तपासता, तुमच्यापासून अक्षर काय लपवू. डाव्या हातानं लिहिते मी. तळं, थंडी, सगळं वाचनालयातल्या पुस्तकातून. पूर्वी फोन यायचे हो खरे! मग — हा दोरासुद्धा आत्ताच तुटायचा होता — मग बंद झाले. गेला तो. ट्रक सोडला, आम्हाला सोडलं, दुसरा संसार मांडला. आणि लांब कुठे? चार बसथांबे! ह्याच गावात! त्याच टायरच्या दुकानात गल्ल्यावर बसतो, ऐटीत. तिला सांगायचंच होतं मला, तिची शपथ. पण ती दुधाचा पेला घेऊन नकाशापुढे उभी — ‘आई, बाबा आज कुठे?’ म्हटलं, एवढं एक राज्य होऊ दे, मग सांगू. असं करत करत वर्ष गेलं आणि राज्यं संपली. उरलं फक्त आपलं, आणि राजधानी म्हणजे हेच गाव. आज सोमवार. रात्रभर डोळ्याला डोळा नाही माझ्या. ट्रक काय दारात आणून उभा करू? पण आज तिनं विचारलंच नाही. दूध प्यायली, गेली शाळेत. सुटले म्हटलं, नकाशाकडे वळूनही बघितलं नाही मी.

ते जाऊ दे. चुकली कुठली ते सांगा. — आपलीच? राहते त्या गावाचं नाव येत नाही तिला? चुकली नाही, कोरी सोडली? थांबा, मशीन बंद करते. आणि काय झालं म्हणता? कधी? गुरुवारी, सगळ्या वर्गाला बागेत नेलंत तेव्हा? टायरच्या दुकानासमोर उभी राहिली — हाताला धरून ओढावं लागलं? घरी अवाक्षर बोलली नाही हो! त्या रात्री माझ्या कुशीत शिरून झोपली, मला वाटलं चालून दमली.

म्हणजे बघितलं तिनं. आणि म्हणून नाव लिहिलं नाही. नाव सांगितलं की ट्रक हलतो, नियम माझाच ना.

बाई, ट्रक कुठे दिसतोय तुम्हाला? खालच्या कोपऱ्यात असेल. — वर? अगदी वर, पहिल्या राज्यावर? तिथे तिचा हात पोचत नाही. तिथे मीच लावला होता तिला कडेवर — अगं बाई, स्टूल! त्या मोडक्या स्टुलावर चढली. पुन्हा पहिल्यापासून खेळायचं म्हणून. मला सांगावं लागू नये म्हणून. नऊ वर्षांची आहे हो ती!

जिन्यात पावलं वाजतायत, तीच असेल, दोरा आणायला पाठवलं होतं. उठा तुम्ही. चहासुद्धा विचारला नाही, माफ करा. अभ्रे राहू देत हो, सहाला नेतील, सातला नेतील! तुम्ही निघा आता, बाई. तो कोरा राहिलेला प्रश्न आज मी विचारते तिला. नाही — विचारत नाही, उत्तरच सांगते. दार लोटू नका, येऊ दे तिला आत.