ताण कमी करा

बसच्या रांगेत माझ्यापुढे एक शिंपी आणि त्यांची नवी शिक्षिका झालेली लेक उभी होती. आज तिचा पहिला तास. तिच्या खोक्यातल्या, दोऱ्या बांधलेल्या विज्ञानाच्या मॉडेलमधले दोन लोहचुंबक एकमेकांना चिकटले होते.

"बाबा, दोऱ्या घट्ट असल्या तरच यांच्यात बोटभर फट राहते आणि वरचा भाग तरंगतो. दोऱ्या कुणी सैल केल्या?"

"मी. काल तूच म्हणालीस, ताण कमी करा."

"अहो, ते तुमच्या बीपीसाठी."

"मग नीट सांगायचं. धर, आवळतो."

"हळू."

"गाठ मारायला मला शिकवू नकोस. सोड आता."

"तरंगलं, बाबा."

"तासाला सुरुवात कशी करणार?"

"आमच्या बाबांनी ताण कमी केला, तिथून."

"पोरांसमोर बापाची फजिती सांगणार?"

"सांगणार."

"मग दुकानाचा पत्ताही सांग."